थर्ड शिफ्टची दिवाळी पहाट

छबूकाकूंच्या गाण्यात कुणी डुलकी काढली असं निघोज्यात कधी घडलेलं नाही. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच म्हणायच्या, आणि कुणी विचारायची वाट न बघता. आमच्या महिला भजनी मंडळाची पेटी मी वाजवते, त्यामुळे ते ऐकणं मला चुकत नसे. पण बोलणं खोटंही नव्हतं. एकादशीच्या जागराला माणसं पेंगायला लागली की पुरुषमंडळी गुमान काकूंना पुढे करत. कार्तिकातल्या काकड्याला देवळात त्यांचा सूर लागला की घराघरांत गोधड्या निघत. कडेच्या नव्या बिल्डिंगीतल्या लोकांनी भोंग्याची तक्रार केली, तीही काकूंनी शाबासकी समजून घेतली.

हा आवाज कांद्याच्या वावरात घडला. माहेर महाळुंगे, सासर निघोजे, आणि वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवायची तर घसा हवाच. पुढे त्याच वावरांत कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान कोंडीरामकाका एका कंपनीच्या गेटवर नोकरीला लागले आणि काकूंनी ओट्यावर खानावळ काढली. जालना, परभणीकडची कंपनीतली पोरं तिथे जेवतात. ताटात काही टाकलं तर बोलणी खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येतात.

त्यातलाच एक ज्ञानेश. मागच्या दिवाळीत त्याला आणि त्याच्या दोस्तांना कुणीतरी चिंचवडच्या एका दिवाळी पहाटेचे पास दिले. पोरं रात्रीची थर्ड शिफ्ट सुटल्यावर तशीच कंपनीच्या कपड्यांत गेली. निम्मा कार्यक्रम उरकला होता, आणि उरलेल्या निम्म्यात ही सगळी खुर्च्यांतच घोरायला लागली. स्वयंसेवकांनी उठवून बाहेर काढलं. कुणीतरी व्हिडिओ घेतला, तो फोनवरून गावभर फिरला. ज्ञानेशनं हे काकूंना जेवताना हसत हसत सांगितलं, पण चिंचवडचं नाव त्यानं परत काढलं नाही.

काकू स्वयंसेवकांवर चिडल्या नाहीत. त्या चिडल्या गाणाऱ्यावर. श्रोता झोपला म्हणजे गाणारा कच्चा, असा त्यांचा सरळ हिशेब. यंदा आपणच दिवाळी पहाट करायची आणि ती थर्ड शिफ्ट सुटल्यावर सुरू करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या छबूकाकू कसल्या? देवळासमोर, चार बायांच्या देखत म्हणाल्या, "येक बी पोरगं पेंगलं, तर टाळ खाली ठिवीन. पुन्हा हातात धरनार न्हाई."

चार बायांत सोजरबाई होत्या. या काकूंच्या चुलतजाऊ. आपलाच गळा सरस, असं त्या मनातून मानतात. त्यांनी लगेच सांगितलं की मी पुढंच बसणार आणि डोळे उघडे ठेवणार. बोलून चालून जाऊबाई. मला खरी धास्ती वाटली, कारण छबूकाकू शब्दाच्या पक्क्या आहेत, आणि टाळ सुटला तर ती बाई नुसती स्वयंपाकापुरती उरली असती.

मंडप चाकणच्या इकबालभाईंचा. त्यांनी खुर्च्या लावायचं म्हटलं, तर काकूंनी नको सांगितलं. पोरं रातभर मशीनपुढे उभी राहतात, त्यांना पाय पसरायला मिळाले पाहिजेत. मग लग्नाच्या हॉलमधल्या जाड गाद्या आल्या, पांढऱ्या चादरी आल्या, टेकायला लोड आले.

दिवस पहिल्या अंघोळीचा. कंपनीला ऑर्डर मोठी म्हणून यंदा दिवाळीतही लाइन बंद नव्हती. शिफ्ट सुटून पोरं आली आणि मंडपाच्या तोंडाशी एकसारख्या काळ्या सेफ्टी शूजचा ढीग पडला. काकूंनी अंगणात बंब पेटवून ठेवला होता. आईबापापासून लांब असलेल्या लेकरांना सणाचं तेल कोण लावणार? कोंडीरामकाकांनी एकेकाची पाठ तेलानं रगडली, उटणं लावून कढत पाण्यानं अंघोळी झाल्या. मग करंज्या, चिवडा, वर तुपातला शिरा. आता सांगा, रात्रभर उभ्या असलेल्या माणसाला असं रगडून, न्हाऊ घालून, जेवू घालून लोडाला टेकवायचं आणि वर म्हणायचं, जागा राहा. आम्हा एवढ्या बायांत हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

काकूंनी भूपाळी धरली. देवाला उठवायचं गाणं ते, आणि आवाज तर असा की इकबालभाईंनी माइक बंदच करून टाकला. कोंडीरामकाकांच्या पखवाजावर थाप पडली. पहिली भूपाळी सगळ्यांनी सरसावून ऐकली. दुसरीला मला ज्ञानेश दिसला. तो स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. शेजारच्यानं चिवड्यातली मिरची उचलून तोंडात टाकली. मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. काकूंचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. जिचं अन्न खायचं तिचं नाव जायला नको, म्हणून ती लेकरं झोपेशी झुंजत होती. माझी बोटं पेटीवर चालत होती, पण सूर काय लागत होते देव जाणे.

काकूंनाही ते दिसलं. त्या गाता गाता थांबल्या. ज्ञानेश दचकून ताठ बसला, डोळे लालभडक. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग सगळ्यांवरून नजर फिरवली. पखवाजावर हात ठेवून काकांना थांबवलं. आणि हातातला टाळ, आवाज होऊ न देता, चादरीवर खाली ठेवला.

"इंद्रायणी, पाळन्याची चाल धर," त्या मला म्हणाल्या. मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "निजा रं लेकरांनो. मी हाय हितं."

बारशाला म्हणतात तसला पाळणा होता, त्यांच्या माहेरचा. वावराच्या टोकाला हाक मारणारा तो गळा इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कडव्याला अख्खी थर्ड शिफ्ट आडवी झाली होती. ज्ञानेश लोडाला मिठी मारून झोपला होता. तेवढ्यात गावचे पुढारी जयसिंगराव गाडीतून उतरले, सोबत हार घेतलेली माणसं, आणि थेट माइककडे निघाले. काकूंनी गाणं न थांबवता नुसता हात वर केला. जयसिंगरावांनी मंडपात नजर टाकली, पायातले जोडे काढून हातात घेतले आणि आल्या पावली चवड्यांवर परत गेले. त्यांची बिनभाषणाची सभा निघोज्यानं पहिल्यांदाच पाहिली.

पाळणा संपला तशा सोजरबाई पुढून उठल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता ही वचनाची आठवण करून देणार. त्या आल्या, खाली ठेवलेला टाळ उचलला, पदरानं पुसला आणि काकूंच्या हातात दिला.

"ठिवलाय मी त्यो," काकू म्हणाल्या. "पोरं झोपली. समद्यांनी बघितलं."

"पेंगली न्हाईत ती," सोजरबाई म्हणाल्या. "तू निजवलीस. आमाला न्हाई जमायचं ते."

चुलतजावेच्या तोंडून हे ऐकलं आणि मला रडूच आलं. काकूंनी टाळ घट्ट धरला.

पोरं उठली तेव्हा उन्हं मंडपात आली होती. ज्ञानेश ओशाळून काकूंच्या पाया पडला, तर काकूंनी त्याला दुपारी जेवायला लवकर ये म्हणून बजावलं. मग त्या शूजच्या ढिगाशी जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणाचे कुणाच्या पायात गेले, हे अजून सुटलेलं नाही.

परवा आळंदीत भजनी मंडळांची स्पर्धा होती. तिथे पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या दिवाळी पहाटेला प्रतिसाद कसा होता? आम्ही सगळ्या काकूंकडे बघत होतो. छबूकाकूंनी पदर खोचला, टाळ सरळ केला आणि चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "समदी झोपली."