बापू आता आपल्यात नाहीत

आमचे हिरालालबापू एका मंगळवारी सकाळी वारले आणि त्याच दुपारी केळीच्या भावावरून भांडले. दोन्ही गोष्टींना जबाबदार मी आहे.

बापू म्हणजे माझे सख्खे चुलते. तापीच्या काठावर त्यांची केळीची बाग आहे. व्यापारी आमच्या गावात आला की पहिला भाव बापूंच्या बागेचा ठरतो आणि मग तोच भाव सगळ्या गावाला लागतो, एवढा त्यांचा मान. बापूंचा मुलगा किरण न्यू जर्सीला असतो. आमच्या भागातली बरीच पोरं तिकडे गेली आहेत. दर दिवाळीला ती फोनवर गहिवरून म्हणतात, "गावासाठी काहीतरी केलं पाहिजे यार." मग तिकडे बर्फ पडतो आणि ती विसरतात.

या विसरण्यावर इलाज म्हणून मी पुण्यातली नोकरी सोडली. मी एक डिजिटल प्लॅटफॉर्म बनवणार होतो, नाव 'वावरनातं'. अमेरिकेतल्या माणसाने मोबाईलवर आमच्या गावातलं केळीचं एक झाड निवडायचं, त्याच्यावर पैसे लावायचे, ते वाढताना बघायचं आणि घड विकला की नफ्यात वाटा घ्यायचा. 'प्लॅटफॉर्म' हा शब्द ऐकून माझ्या वडिलांनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, "कोनता? खांडबारा टेसनना?" स्वतःचं शेत द्यायला त्यांनी साफ नकार दिला. बापूंनी मात्र दिलं. "पोऱ्या शिकेल शे, करू द्या त्याले," एवढंच म्हणाले. त्यांचे ते उपकार मी कसे फेडले, ते आता सांगतो.

पुण्यात मी एका महागड्या शिबिरात शिकलो होतो की गिऱ्हाइकाला वस्तू विकू नये, नातं विकावं. म्हणून मी नियम केला की प्रत्येकाने आपल्या झाडाला नाव द्यायचं. मला वाटलं होतं, लोक 'सोनू', 'हिरवा राजा' असलं काहीतरी देतील. पण परदेशात गेलेला माणूस फार हळवा होतो. सगळ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं दिली! किरणने अर्थातच 'हिरालालबापू' दिलं. शिवाय 'झाड' म्हटलं की परकेपणा येतो, असं वाटून मी सगळ्या मजकुरातून 'झाड' हा शब्दच काढून टाकला. (या कल्पनेबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, हेही नोंदवून ठेवतो.)

बापूंच्या मोबाईलवर मी चार चित्रं बसवून दिली. पाणी, खत, घड आणि लाल फुली. झाडाचा नंबर टाकून चित्र दाबलं की संदेश आपोआप अमेरिकेला जायचा आणि तिथून आमच्या 'परिवार' ग्रुपवर. त्यामुळे घरातल्या सगळ्यांना रोज सकाळी कळायचं की 'शांतामावशींच्या बुंध्याशी शेणखत टाकलं' किंवा 'रनाळ्याच्या आत्या वाऱ्याने कलल्या, बांबूचा टेकू दिला'. एकदा 'दगडूकाका निसवले' असा संदेश गेला. केळीतून घड बाहेर पडला की आमच्याकडे केळी निसवली म्हणतात, पण दगडूकाका निवृत्त हेडमास्तर आहेत. ते माझ्याशी बोलेनासे झाले.

लाल फुलीवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. झाड मेलं तर एवढ्या हळव्या माणसांना ते सांगायचं कसं? मी दोन दिवस बसून मजकूर घासूनपुसून तयार केला. 'अत्यंत दुःखाने कळवतो की (इथे नाव) आता आपल्यात नाहीत. आज सकाळी त्यांना शेताच्या बांधाबाहेर मातीत पुरण्यात आले. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. त्यांच्या जागी लवकरच दुसरे लावून देण्यात येईल.'

तो मंगळवार माझ्यासाठी परीक्षेचा होता. किरणची मित्रमंडळी त्यांच्या पहाटे, म्हणजे आपल्या दुपारी, व्हिडिओवर जमणार होती. आमचा कारभार पसंत पडला तर ते गावातल्या सगळ्या केळीवाल्यांवर पैसे लावणार होते. नाही पडला तर मी गाशा गुंडाळून पुण्याला. व्यापारी बाग बघायला येतो ती वेळ मी मुद्दामच साधली होती, म्हणजे त्यांना खरा सौदा थेट बघता येईल.

सकाळी बापूंना बागेत एका झाडाच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. केळीवरचा हरण्या रोग. एकच झाड होतं, पण हरण्याला दयामाया दाखवायची नसते. बापूंनी ते मुळासकट उपटलं, बांधाबाहेर पुरलं, हात धुतले आणि शिस्तीचे असल्यामुळे मोबाईल काढून नंबर टाकला आणि लाल फुली दाबली. झाड कोणाच्या नावाचं आहे, हे बघायची त्यांना सवय नव्हती.

आमच्या ग्रुपवर रोज ढीगभर फुलं आणि सुप्रभात येतात, ती कोणी वाचत नाही. पण 'अत्यंत दुःखाने' अशी सुरुवात असली की तो संदेश पार अक्कलकुव्यापर्यंत पोचतो. पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' दगडूकाकांची आली, तीही विलक्षण तत्परतेने. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

आम्हाला पत्ता लागला तो अक्कलकुव्याच्या व्याह्यांच्या फोनमुळे. फोन बापूंनीच उचलला.

"बापू कव्हय गयात हो?"

"कोठे गयात? मी बापूच बोली ऱ्हायनू."

"दुःखमा मस्करी नको करू भाऊ. फोन काकूले दे."

मी ग्रुप उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. "बापू, तुम्ही वारलात," मी म्हणालो. "थांबा, मी आत्ता लिहितो की बापू नाही, त्यांच्या नावाचं झाड गेलं."

बापूंनी माझं मनगट धरलं. "नि झाड काबर गयं, असं कोनी इचारं ते?"

"हरण्यामुळे."

बापू उठले, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दुपारे व्यापारी येनार शे, नि तू बठास्ले सांगशी की मन्हा वावरमा हरण्या शे? एक झाडना हरण्या तो बठा गावले लाई देई. भाव पाडी टाकी तो!"

ते खरंच होतं. एका झाडाचा रोग व्यापारी सगळ्या गावाच्या माथी मारणार. बापूंचा भाव पडला की गावाचा पडला, आणि घड तर कापायला आले होते. "पण लोक तुम्हाला मेलेलं समजताहेत, त्याचं काय?" मी विचारलं.

बापूंनी थोडा विचार केला. "समजू दे. व्यापारी जास तवलगून मी मरेल शे."

व्यापारी जाईपर्यंत मेलेलं राहायचा हा निर्णय त्यांनी बागेला पाणी सोडावं इतक्या शांतपणे घेतला. काकू मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी कुकू पुसनार नही, आत्तेच सांगी ठेवस."

"नको पुसू. पदर खाल वढी ले," बापू म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

आमच्या खानदेशात दुःखाच्या घरी भेटायला येण्याला 'दारवर येणं' म्हणतात. पुरुष गळ्यात रुमाल टाकून ओट्यावर खाली मान घालून बसतात. बराच वेळ गेल्यावर एक जण विचारतो, "कसं काय?" दुसरा म्हणतो, "काही नही, एकदम." एवढ्यावर भागतं, आणि माती सकाळीच झाल्याचं संदेशात होतंच, हे आमचं नशीब. दुपारपर्यंत ओटा भरला, मग गल्ली भरली. माझे वडील दारात बसून प्रत्येकाला "एकदम" असं सांगत होते, आणि तेवढंच खरं होतं.

मग रनाळ्याची आत्या आली. गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत ती घरात घुसली आणि कोणी अडवायच्या आत आतल्या खोलीत पोचली. तिथे बापू मिरचीच्या ठेच्याबरोबर खिचडी खात होते. आत्याचा हंबरडा तिथेच थांबला. तिने भावाच्या पाठीत एक सणसणीत बुक्की घातली. बाहेर सगळ्यांनी कान टवकारले.

"थांबू नको ना," बापू कुजबुजले, "रड."

आत्या रडली. पण आता तिच्या रडण्याला राग होता, आणि आमच्याकडे बायका रडताना गाऱ्हाणंही मांडतात. "माले दिवाईले लेवाले कव्हयच उना नही रे भाऊऽऽ!" तिने न मिळालेल्या दिवाळीच्या माहेरपणाचा सूर लावला. बाहेर बायांनी डोळ्यांना पदर लावले. आतून घास गिळत बापू हळूच म्हणाले, "औंदा येसू."

एवढ्यात किरणचा व्हिडिओ कॉल आला. संदेश त्याने तिकडे पहाटे उठल्यावर वाचला होता, रडून त्याचे डोळे सुजले होते, आणि जी मंडळी बाग बघायला जमणार होती तीच आता शोकसभेला जमली होती. पडद्यावर चौकोनाचौकोनात मान खाली घातलेली माणसं होती. एकाने तर समई लावली होती. माझ्याने राहवलं नाही. मी फोन आत नेऊन बापूंच्या समोर धरला.

"किरण," बापू म्हणाले, "मी मरेल शे. व्यापारी गया की फोन करस."

किरण इतका पुढे झुकला की त्याच्या चौकोनात नुसतं नाकच उरलं. त्याच वेळी बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मी फोन हातात तसाच धरून धावलो. चालू ठेवूनच, हे मला फार उशिरा कळलं.

व्यापारी पांढरेशुभ्र कपडे घालून आला होता. तो रीतसर मान खाली घालून बसला, रीतसर "एकदम" ऐकून घेतलं, आणि मग माझ्या वडिलांकडे वळून दाटल्या गळ्याने म्हणाला, "बापू देवमानूस व्हता. परवादिनच मन्हासंगे बोलनं झायं. म्हनेत, शेठ, औंदा तुम्ही म्हनशात तो भाव." आणि त्याने भाव सांगितला.

ओट्यावर बसलेले सगळे केळीवाले होते. बापूंच्या जाण्याने जे हलले नव्हते तेही आता हलले. व्यापाऱ्याने डोळ्यांना रुमाल लावला. "मरेल मानूसना शब्द मोडाना नही, भाऊ."

आतल्या खोलीचं दार उघडलं. बापू बाहेर आले. हाताला खिचडी तशीच होती.

"मी कव्हय म्हनं व्हतं?" त्यांनी विचारलं.

व्यापाऱ्याने आधी हात जोडले, मग डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा बापू त्याच्यासमोर मांडी घालून बसलेले होते. "सांग ना. मी कोठे म्हनं, कव्हय म्हनं? मी ते आठेच शे." मेलेल्या माणसाच्या तोंडून आपलं खोटं उघडं पडणं, हा अनुभव व्यापाराच्या कुठल्याही धड्यात नसावा. तो चाचरत म्हणाला, "बापू, तुम्ही म्हनशात तो भाव." बापूंनी भाव सांगितला. त्याने मान डोलावली. ओट्यावरची सगळी दुःखी मंडळी साक्षीला होती, त्यामुळे सौदा तिथेच पक्का झाला.

व्यापारी जरा सावरला, पाणी प्याला, आणि मग त्याच्या डोक्यात व्यापाऱ्याचा प्रश्न आला. "पन मंग... मरं कोन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या फोनमधून न्यू जर्सीही बघत होती. झाड मेलं म्हणावं तर सौदा मोडतो. माणूस मेला म्हणावं तर माणूस समोर बोटं चाटतोय. बापूंनी माझ्याकडे नजर टाकली. आजवर त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि ती नजर काहीतरी मागत होती.

"कोणीच नाही," मी म्हणालो. "माझं ॲप बिघडलंय. त्याचा काही भरवसा नाही. ते कोणालाही मारतं."

गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला. "माले वाटेच," दगडूकाका ओट्यावरून म्हणाले. फोनमधून कोणीतरी अगदी थंडपणे विचारलं, "किरण, हा तुझा भाऊ आपल्याला यात पैसे लावायला सांगत होता ना?" समई लावणाऱ्याने समई विझवली. मग एकेक चौकोन बंद होत गेला. मला फार वाईट वाटलं. किरणला मी पुढे सगळं खरं सांगितलं, त्याला ते पटलंही, पण एका दिवसात वडील जाऊन परत आल्यावर त्याला केळीविषयी ऐकायची इच्छा उरली नव्हती. प्लॅटफॉर्म बंद पडला. बापूंचे घड मात्र चांगल्या भावाने गेले, गावाचेही गेले, आणि त्या झाडाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

पण गावाने या प्रकरणातून भलताच बोध घेतला. त्यांनी एवढंच पाहिलं, की माणूस सकाळी मेला आणि दुपारी त्याला सगळ्यात चांगला भाव मिळाला. तेव्हापासून हंगाम आला की कोणीतरी संध्याकाळी दारात उभा राहतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, शुक्रवारे मन्हाकडे व्यापारी येनार शे. माले गुरुवारे मारशी का?"

मी सांगतो की ते आता बंद केलं. परवा मात्र अक्कलकुव्याहून एक जण मोटारसायकलवर आला. म्हणाला, "पपईले बी चालस का?" आणि मी काही बोलायच्या आत त्याने खिशातून पैसे काढून माझ्यासमोर ठेवले. अमेरिकेच्या नादात नोकरी सोडून बसलेल्या माझ्याकडे आपल्या पायांनी चालत आलेला हा पहिलाच गुंतवणूकदार. त्याला मी अजून नाही म्हटलेलं नाही.