गाण्यातला दिलीप आणि आमचे हमीद सर

हमीद सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आरमोरीला, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. नवरी स्टेजवर, वऱ्हाडी पंगतीत, आणि हे गृहस्थ खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात डोळे पुसत बसलेल्या नवरीच्या बापाला टिपत होते. 'यांना नवरी दिसत नाही का,' असं मी मोठ्यानंच म्हणालो. सर मागे न वळता म्हणाले, "नवरीले सारेच पाहून राह्यले. मी याले पाहतो."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी चांगलंचुंगलं लिहा, असं संपादक मंडळानं बजावलं आहे. ते काम इतर मंडळी माझ्यापेक्षा बरं करतील. मला एकच गोष्ट लिहायची आहे, ती गोड नाही, आणि तिच्यात माझं नाव चांगलं निघत नाही.

सरांच्या घरचा मूळ धंदा शिलाईचा. सरांनी बाजारात व्हिडिओचं दुकान टाकलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजात व्हिडिओ शूटिंगचा एक लहानसा अभ्यासक्रम सुरू झाला, तो शिकवायला ते येत. त्यांचे काही नियम होते. जेवणाऱ्या माणसाच्या तोंडात घास असताना त्याच्यावर कॅमेरा धरायचा नाही. एका बड्या घरच्या लग्नात यजमानांनी पंगत टिपायचा हट्ट धरला, तेव्हा सर कॅमेरा गुंडाळून घरी निघून आले होते. दुसरा नियम असा की कॅमेरा सुरू केला की आधी मनात दहा मोजायचे, मगच समोरच्याला सुरू कर म्हणायचं. आणि त्याचं काम झालं तरी पुन्हा दहा मोजून मगच बंद करायचा. आम्ही या दहाची भरपूर टिंगल करायचो.

त्या वर्षी गॅदरिंगसाठी आम्ही पोरांनी पॉप गाणं करायचं ठरवलं. केबलवर तेव्हा तशा अल्बमचा पूर आला होता आणि त्यांचे नियम आम्हाला पाठ होते. नायकाचे केस उडाले पाहिजेत. मागे एकसारख्या कपड्यांतली मंडळी रांगेत नाचली पाहिजेत. नायकानं कॅमेऱ्याकडे न बघता दूर कुठंतरी बघायचं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दृश्य बदलायचं. आमच्याकडे स्टुडिओ नव्हता. धान उपणायचा हातपंखा आणून केस उडवले, कवायतीचे पांढरे शर्ट घालून सगळे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाचलो. नायक होता दिलीप, जवळच्या खेड्यातल्या धानवाल्याचा मुलगा. दिसायला देखणा, पण सूर अजिबात नाही. म्हणून आवाज दुसऱ्याचा घेतला आणि दिलीपनं नुसते ओठ हलवले.

सरांनी आम्हाला अडवलं नाही. फक्त एकदा वर्गात विचारलं, "असं सारं काऊन करतेत, मालूम हाय का?" मग स्वतःच म्हणाले, "या हिरोले गाव नसते, घर नसते, माय नसते. वाऱ्यावरचा माणूस. म्हणून त्याले कुठी थांबू देत नाईत. तुम्ही करा, पण समजून करा." आम्हाला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. सर तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

दोन व्हीसीआर जोडून गाणं मी जुळवलं. सरांच्या नियमानं टिपलेले पुढचे-मागचे दहा आकडे मी सगळीकडून कापून टाकले. गॅदरिंगला पोरांनी बाकं बडवली, आणि दिलीपला महिनाभर जो तो हिरो म्हणून हाक मारत होता.

उन्हाळ्यापासून मी सरांच्या दुकानात हाताखाली होतो. लग्नाची तिथी आली आणि नागपूरहून कोऱ्या कॅसेट आल्याच नाहीत. आमच्या गाण्याच्या मूळ शूटिंगच्या दोन कॅसेट फळीवर होत्या. सर बाहेरगावी होते. गाणं तर झालं, आता या कशाला, असं म्हणत मी त्यांच्यावर दोन लग्नं घेतली आणि नवी चिठ्ठी चिकटवून, होत्या त्याच जागी ठेवून मोकळा झालो. सरांना सांगायचंही मला सुचलं नाही.

पोळ्याच्या आठवडाभर आधी दिलीपला ताप आला. खेड्यात आधी झाडपाला झाला, मग गोळ्या झाल्या, आणि दवाखान्यात नेईपर्यंत ताप मेंदूत गेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, तो गेला.

महिन्याभरानं त्याची आई दुकानात आली. घरी दिलीपचा दहावीच्या फॉर्मवरचा एक लहान फोटो तेवढा होता. पोरगा कॅसेटमध्ये आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सरांनी तिला खुर्ची दिली आणि गाणं लावलं. बाई पुढे वाकून पाहत होती. दिलीप यायचा आणि ठोका पडला की जायचा.

"हमीदभाऊ," ती म्हणाली, "त्याले जरा उभा तं करा. काऊन पळवून राह्यले?" थोड्या वेळानं म्हणाली, "आन् हा आवाज त्याचा नाई."

"त्याचा आवाज हाय माझ्यापाशी, बाई," सर म्हणाले. "गाण्याच्या आंधी-मांगं बोलला हाय तो. दाखवतो." त्यांनी फळीवरच्या नेहमीच्या जागेवरून, चिठ्ठी न वाचताच, कॅसेट काढून लावली. बँड वाजू लागला, कुणाची तरी वरात आली. सरांनी कॅसेट बाहेर काढली, नखानं वरची चिठ्ठी सोलली. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: कॉलेजचं गाणं, पुसू नये.

मी दारापाशी उभा होतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाई, माझ्या हातून चूक झाली," ते म्हणाले. "पुसल्या गेलं." मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हीन क्षण तोच, आणि मी तो लपून काढला.

नंतरही सर मला रागावले नाहीत. आठ दिवस त्यांनी दुकान अर्धा वेळ बंद ठेवलं. त्या गाण्यात दिलीप जिथं जिथं दिसतो तिथं तिथं व्हीसीआर थांबवायचा आणि टीव्हीसमोर कॅमेरा लावून ते थांबलेलं चित्र पुन्हा टिपायचं, असं त्यांनी चालवलं होतं. पडद्यावर आडव्या रेघा थरथरायच्या. मग पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थांब. दर वेळी ओठ न हलवता बोटांच्या पेरांवर दहा मोजताना मी त्यांना पाहिलं आहे. गाणं त्यांनी काढून टाकलं. ही कॅसेट मुकी आहे. तिच्यात दिलीप नाचत नाही, पळत नाही, नुसता उभा राहतो.

तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला बाई येते. कॅसेटची नक्कल सरांनी तिला दिली होती, पण तिच्या घरी टीव्ही नाही. यंदा हा लेख लिहायला घेण्याआधी मी मुद्दाम त्या दिवशी दुकानात गेलो आणि तिला सांगितलं की ती कॅसेट सरांनी नाही, मी पुसली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी भाऊ बोलत होते तवा तुह्या पायातली चप्पल वाजून राह्यली होती." मग तिनं माझ्याकडे पाठ केली. "लावा, हमीदभाऊ."

काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले आहेत. सर कॅसेट लावतात आणि शेजारी स्टूल ओढून बसतात.

"आता काय करून राह्यला?"

"उभा हाय, बाई. पांढरा शर्ट हाय."

"इकडं पाहून राह्यला का?"

सर पडद्याकडे बघतात. दिलीप दूर कुठंतरी बघत असतो. तसंच बघायचं असतं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"हो बाई," सर म्हणतात. "तुमच्याकडंच."

सर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो, आणि घसा शेवटपर्यंत साथ देवो. हे मी शिष्य म्हणून मागतो आहे, पण त्यात माझा स्वार्थ आहे. त्या पोराचा आवाज मी पुसला. आता त्याच्या आईसाठी तुमच्या आवाजाशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.