कुवेतचा टीव्ही आणि एक शब्द

माझे धाकटे दीर तेव्हा कुवेतला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ते सुट्टीवर आले, राहिले, परत गेले, आणि त्यांनी जहाजाने पाठवलेला टीव्ही मात्र ते गेल्यावर रोह्याला आमच्या दारात उतरला. तो कसा लावायचा हे ज्याला ठाऊक, तो माणूस परत समुद्रापलीकडे.

खोका उघडला तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. यजमान शिफ्टवरून नुकतेच आले होते. सासूबाई धरमतरकडच्या, मिठागरावर वाढलेल्या. त्या टीव्हीसमोर उभ्या राहून मान इकडून तिकडे करत होत्या.

"काच आत गेलीय गो ह्याची," त्या म्हणाल्या. "बोटीत कायतरी आपटला असंल."

मी बघितलं तर खरंच काच मधोमध खोल वाटत होती. आमच्या जुन्या टीव्हीची काच पोटासारखी पुढे आलेली. यजमानांनी स्टीलची पट्टी आणून काचेवर आडवी धरली, मग उभी धरली. पट्टी सगळीकडे टेकत होती.

"सपाट आहे, आई. ह्याला फ्लॅट म्हणतात. नवीन आलंय."

"पट्टीला काय समजतं? मला दिसतंय ना," सासूबाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही तसंच दिसत होतं. पट्टीवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर, हे मला पुष्कळ दिवस ठरवता आलं नाही.

पुढे गोंधळ वाढतच गेला. प्लगला तीन चपट्या पट्ट्या, आमच्या भिंतीत गोल भोकं. बाजारातून मधे लावायचा अडॅप्टर आणला. सोबत व्हीसीआर होता आणि लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरींचं भेंडोळं. पुस्तक आलं होतं, पण त्यातल्या चित्रांत टीव्हीच्या पाठीमागे जेवढी भोकं होती त्याहून आमच्या टीव्हीला जास्त होती. शेवटी केबलवाल्याला बोलावलं. त्याने केबल खुपसली, रिमोट दाबला. पडद्यावर हिरवी यादी आली आणि तो म्हणाला, "वहिनी, हे तर उर्दू हाय. मला नाय जमणार." आणि गेला.

चित्र येत होतं. सुरेख येत होतं. आवाजाच्या जागी नुसती खरखर. बातम्या देणारी बाई ओठ हलवत होती आणि घरभर कढईत काहीतरी तळल्यासारखा आवाज. मी डी.एड. झालेली, म्हणून सगळ्यांना वाटत होतं मला जमेल. मी रिमोटवरचं एकेक बटण दाबत होते आणि दर वेळी यादीतलं काहीतरी बदलत होतं. काय, ते कळत नव्हतं.

आमच्या शेजारी एक कोकणी मुसलमान कुटुंब होतं. तिथल्या सुनेला मी भाभी म्हणायचे, ती मला वहिनी. तिचाही नवरा कुवेतला होता. ती रोज सकाळी कुराण वाचायची, ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मला वाटलं, अक्षरं तीच असतील. मी तिला बोलावून आणलं.

भाभीने पडद्याकडे बघितलं आणि डोक्यावर ओढणी घेतली. "अरबी हाय," म्हणाली. "वाचीन मी. पण अर्थ मना ठाव नाय, वहिनी. शिकवलाच नाय कोणी."

"वाच तर खरी. बघू काय ते."

मी रिमोटने एकेक ओळ खाली जात होते, ती जुळवून जुळवून वाचत होती. तिलाही कळत नव्हतं, मलाही नाही. चौथ्या-पाचव्या ओळीवर ती थांबली. पुन्हा मनात वाचली.

"काय आहे?"

"सौत," ती म्हणाली.

तिचा चेहरा उतरला होता. मी काही न समजून बटण दाबलं. त्या ओळीच्या टोकाला इंग्रजी अक्षरं होती, ती बदलली. पुन्हा दाबलं, आणि खरखर तुटून बातम्यांची बाई मराठीत बोलायला लागली. सासूबाईंनी टाळी वाजवली. भाभी मात्र खाली बसली.

"ह्याचा अर्थ काय, वहिनी?"

"आवाज असणार. दुसरं काय? ती ओळ बदलली नि आवाज आला."

ती उठून घरी गेली. तिला बरं वाटत नसेल असं समजून मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरात ती भिंतीला टेकून उभी होती. तिथे तिने मला सांगितलं. नवरा नवीन गेला तेव्हा तो आमच्या बाजारातल्या फोनच्या दुकानात फोन करायचा, आणि दुकानदार हिला बोलावणं पाठवायचा. एकदा लाइन खूप तुटत होती आणि तो पलीकडून नुसता ओरडत होता, "सौत माफी! सौत माफी!" मग फोन बंद पडला.

"सौत म्हंजे सवत ना, वहिनी. आनि माफी. दुसरं काय समजायचं मी?"

त्यानंतर दुकानदाराचा निरोप आला की ती सासऱ्यांना पाठवायची. स्वतः गेलीच नाही. वर्ष होऊन गेलं होतं. पैसे येत होते, फोनवर सासऱ्यांशी बोलणं होत होतं, आणि ही कोणाला काही न सांगता तिथे राहत होती. भिंतीला भिंत लागून, आणि मला पत्ता नव्हता.

आता सौत म्हणजे आवाज निघाला. पण माफीचं काय? आवाजाची माफी म्हणजे काय होतं?

दीर शुक्रवारी पेणला माझ्या माहेरी फोन करायचे, कारण आमच्याकडे अजून फोन लागला नव्हता. मी पुढच्याच शुक्रवारी एसटीने पेणला गेले. फोन आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "टीव्ही लागला का?"

"लागला. भाऊजी, माफी म्हणजे काय हो तिकडे?"

ते हसले. "माफी म्हंजे नाय. इथं दिवसभर तेच चालतं. पानी माफी, बस माफी, सुट्टी माफी."

"आणि सौत माफी?"

"सोत माफी? आवाज येत नाय. का, टीव्हीला आवाज नाय काय?"

"आहे, आहे," मी म्हटलं.

परतताना गाडी नागोठण्याला बराच वेळ थांबली. हे तिला कसं सांगायचं, मला सुचत नव्हतं. चांगली बातमी होती, तरी ती सांगायला जीव धजत नव्हता. घरी पोचल्यावर पिशवीही न ठेवता मी मागच्या दाराने गेले आणि सांगून टाकलं.

ती हसली नाही. "पुन्हा सांगा," म्हणाली. पुन्हा सांगितलं. मग ती चिडली. "त्याला मराठी येत नाय? आवाज येत नाय म्हणायला काय झालं होतं त्याला?" आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मग मी रुसले होते कोनावर?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन फोनच्या दुकानात गेली आणि स्वतः फोन लावला. मी बाहेर बाकावर बसले. ती लवकरच बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"घाबरला. म्हंतो, तू फोन केलास, घरी कोन गेलं काय?"

तेवढंच सांगून ती चालायला लागली. पुढे निरोप आला की सासऱ्यांच्या आधी तीच निघायची.

तिचा नवरा सुट्टीवर आला तेव्हा दोघं आमच्याकडे चहाला आली. भाभी आत सासूबाईंजवळ गेली. तो बाहेर माझ्यासमोर बसला, बशी हातात धरून. "वहिनी," तो म्हणाला, "वर्षभर ही फोनवर येत नव्हती. तुमाला काय बोलली होती काय?"

स्वयंपाकघरातलं बोलणं थांबल्यासारखं मला वाटलं. तिने त्याला सांगितलं नव्हतं तर. लाज वाटली असेल, की अजून राग असेल, मला आजही कळलेलं नाही.

"नाय बा," मी म्हटलं. "मला कुठलं माहीत?"

त्याने मान हलवली आणि चहा संपवला.