शेपटीतला लाल केस

शेपटीताईंचा कुठल्याही तोंडावर विश्वास नव्हता. माणसाच्या नाही आणि चित्रातल्या जनावराच्याही नाही. कोट घातलेला कोल्हा असो की भाजी निवडणारी खारूताई, त्या चित्र सुरू करायच्या ते शेपटीपासून. मग कंबर, मग पाठ, आणि तोंड अगदी शेवटी, तेही नाइलाजानं. "तोंडानं कोणीबी खोटं बोलते गा," त्या म्हणायच्या, "शेपटीले ते जमत नाही."

प्रताप नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची मुलांच्या पुस्तकांची छोटीशी कचेरी होती. मालक, मी आणि त्या. मी पानं लावायचो, त्या कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या. उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. डिजिटल पेन हातात धरलं तेव्हा चाळिशी उलटलेली. 'शेपटीताई' हे नाव मीच पाडलेलं, अर्थात त्यांच्या पाठीमागे. समोर नुसतं ताई.

त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली असे, म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा दुसऱ्या कुणाला दिसायची सोयच नाही. मी चहा घेऊन गेलो की पडदा काळा. "काहून डोकावून राहिला गा? उचलायचं आहे का काही?" कॉम्प्युटरवरचं चित्र थरांवर थर चढवून होतं: खाली राखाडी रेघा, वर रंग, त्यावर सावली, शेवटी अंगावरचे केस. बाकीचे लोक हे थर सुटे ठेवतात, दुरुस्तीला बरे पडतात. ताई रोज संध्याकाळी सगळे एकत्र करून टाकायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "कापड विणून झालं का कोणी उसवून ठेवते काय?"

शनिवारी त्या सीताबर्डीच्या बाजारात जायच्या, खरेदीला नव्हे, लोकांच्या पाठी बघायला. एकदा मलाही नेलं. बसची वाट बघणाऱ्या एका निळ्या शर्टाकडे त्यांनी हळूच बोट केलं. "हा घरी भांडून आला. खांदा पाह्य त्याचा." तेवढ्यात तो माणूस वळला, तर फोनवर खदखदून हसत होता. मी ताईंकडे पाहिलं. त्या ढिम्म. "म्हटलं ना, तोंडाचा भरोसा नाही." पुढच्या आठवड्यात त्यांच्या चित्रात एक बैल बसथांब्यावर उभा राहिला, पिशवी घेऊन. त्याचा खांदा बघून मला वाईट वाटलं, हे कबूल करतो.

त्याच सुमारास यंत्राकडून चित्रं काढून घ्यायची टूम निघाली आणि कुठलं चित्र हाताचं, कुठलं यंत्राचं, याबद्दल मालक साशंक झाले. आमचं बारा चित्रांचं पुस्तक तयार होत होतं आणि आवरणावर पहिल्यांदाच ताईंचं नाव यायचं होतं. "मोठ्या अक्षरात टाकजो," त्यांनी मला बजावलं होतं. मी नाव लावून दाखवलं, तर पडद्याला नाक लावून तीनदा वाचलं. ताईंना काही हवंय असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना; मी मनात म्हणालो, एवढी लपवालपवी उगाच नसते.

पानं लावताना कोल्ह्याची शेपटी मोठी करून बघितली, तर टोकाजवळ एकच केस लाल. खारीच्या शेपटीतही तसाच. मांजराच्या, बैलाच्या, बाराही शेपट्यांत त्याच जागी. यंत्राची चूक! मी सगळे लाल केस पुसले, पानं स्वच्छ केली आणि ताई यंत्राकडून चित्रं काढून घेतात असं मालकांना जाऊन सांगितलं. आपला संशय खरा निघाला याचा मला आनंद झाला होता. हे लिहिताना आज लाज वाटते.

मालकांनी ताईंना सुटे थर मागितले. ते कुठून असणार? मग म्हणाले, आमच्यासमोर एक काढून दाखवा. "माह्या हातावर भरोसा नाही, त्याच्यासमोर हात कायले चालवू?" एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "दोन वर्षं झाले तुह्या बाजूले बसून राहिली मी. तुले काय वाटते?"

"चित्र होताना मी कधी पाहिलं नाही, ताई," मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी पेन पिशवीत टाकलं आणि गेल्या. पुस्तक त्यांच्या नावाशिवाय छापलं गेलं.

त्यांचा चित्र काढतानाचा दोन बोटांचा काळा हातमोजा मागे राहिला होता. महिन्याभरानं तो द्यायला मी त्यांच्या घरी, बेसाला गेलो. दाराची साखळी न काढता त्यांनी फटीतून मला नीट न्याहाळलं, मग आत घेतलं. घरच्या कॉम्प्युटरवर एक जुनं हातमागाचं धोतर पांघरलेलं होतं. पांढऱ्या काठात एकच दोरा लाल होता.

"हे काय, ताई?"

"आबाची खूण. त्यानंच विणलं हे धोतर. बाजारात कोणी आपलं म्हणून विकलं, तर वळखू यावं म्हणून. हे कोणाले सांगत नसतात. सांगतली का कोणीबी तसाच दोरा टाकते."

"ताई, ते केस मी पुसले. बाराही."

"तुले दिसले होते?"

"हो. मला यंत्राची चूक वाटली."

त्यांनी हातमोज्याची दोन्ही बोटं सरळ केली. "मालकानं पाह्यलं नाही, छापणाऱ्यानं पाह्यलं नाही. तू शेपटीपर्यंत गेला, आन् मले नाही विचारलं."

त्याच दिवशी मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी ताईंना परत बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. मूळ चित्रं माझ्याकडे होती. दुसऱ्या छपाईत बाराही लाल केस परत लावले आणि आवरणावर त्यांचं नाव टाकलं, मोठ्या अक्षरात. प्रत घेऊन मी बेसाला गेलो. त्यांनी आवरणाकडे बघितलंही नाही. भिंग आणून एकेक शेपटी तपासली, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत, आणि मी उभाच.

"बराबर आहे," त्या म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात आतून साखळी लावल्याचा आवाज आला.