चार वाजताची पश्चिमेची खिडकी

किस्से शोधायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. आमच्या नांदेडच्या वर्कशॉपात ते लाकडाच्या भुश्शासारखे साचतात, सकाळी झाडावे तर संध्याकाळी परत तेवढेच! वर्कशॉप दोघांचं. लाकूडकाम युसुफभाईंचं, काच माझी. दोन काचा, मधोमध सागवानी पट्ट्यांची जाळी, कडा हवाबंद. उजेड आत येतो, ऊन जाळीवरच अडतं. इतकं साधं, पण गिऱ्हाइकाला पटवता पटवता घसा कोरडा पडतो.

* * *

नांदेडातच एका घरी खिडकी बसवली. घरातल्या मावशी ओलं फडकं घेऊन हजर.

"ही जाळी उघडती कुठून?"

"उघडत नाही मावशी. आत धूळ जातच नाही."

"मग दिवाळीला मी पुसू काय?"

मी म्हटलं, बाहेरून काच पुसा की. तर म्हणे, "काच काय, कुणीबी पुसतंय."

शेवटी युसुफभाईंनी उरलेल्या पट्ट्यांची एक उघडी जाळी करून दिली. मावशींनी ती देवघराला लावली. आता दर दिवाळीला ती घासूनपुसून आम्हाला फोटो पाठवतात.

* * *

निलंग्याचं काम भर पावसाळ्यातलं, तेही घाईचं. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, तरी सील केलं. आठवड्यात फोन आला, "मॅडम, खिडकीला आतून घाम येऊन राहिला."

जाऊन बघतो तर दोन काचांच्या मधे थेंबच थेंब. मालक मात्र खुशीत. "पोरगा एसी मागत होता. त्याला म्हटलं, बघ, खिडकीलाच उकडून राहिलंय, तुझं काय घेऊन बसलास!"

युसुफभाईंना हसू आलं नाही. खिडकी उतरवून टेम्पोत ठेवली आणि म्हणाले, "ताई, आजपासून लाकूड खडखडीत वाळल्याबिगर काच लावायची न्हाई. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या."

गिऱ्हाइकं गेलीच. तरी आम्ही हटलो नाही.

* * *

मग आलं लातूर. हे काम मिळालं नाही तर वर्कशॉपचं शटर ओढायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. मुलींची अभ्यासिका, मालक गणिताचे निवृत्त सर. त्यांची अट सरळ होती. "एकच खिडकी बसवा, पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी चारला पोरी तिथं बसल्या तर सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्यांचं काम तुमचं. न्हाई बसल्या तर ही एकबी काढून न्या."

कूलर फुल सोडला तरी त्या भिंतीकडं दुपारनंतर कुणी फिरकत नसे. इस्लापूरची एक पोरगी क्लास सुटल्यावर उशिरा यायची, म्हणून तीच जागा तिच्या वाट्याला. जुन्या खिडकीला ओढणी बांधायची आणि तिच्या आडोशाला बसून घाम पुसत वाचायची.

आमची खिडकी बसवून झाली आणि ठरल्या दिवशी आम्ही दाराशी बसलो. तीन वाजले, साडेतीन झाले, खिडकीपाशी कुणी नाही. युसुफभाई हळूच म्हणाले, "पाना आणलाय. काढायची तर आजच काढू." मला रडू येत होतं.

चारला ती पोरगी आली. सवयीनं ओढणी काढून खिडकीपाशी गेली. काचेला हात लावला, तो तसाच ठेवला. मग खाली बसून पुस्तक उघडलं. सर घड्याळाकडं बघत राहिले, आमच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं तिनं ओढणी खांद्याभोवती गुंडाळून घेतली आणि हात वर केला.

"सर, कूलर जरा कमी करू का?"