पंजा दाबला की कळतं

बांगड्या भरणं गल्ल्यावर बसून येत नाही, हे मी सुनेला रोज ऐकवते आणि ती रोज ऐकून सोडून देते. बाईचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी एकमेकींकडे दाबायच्या, की काचेची बांगडी न फुटता मनगटावर उतरते. आमच्या देवळी गावात तीस वर्षं मी हेच केलं. शेटाण्यांचे मऊ पंजे माझ्या हातून गेले, कुणब्यांच्या सुनांचे गेले, वस्तीतल्या कापूस वेचणाऱ्या बायांचेही गेले.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याहून डॉक्टर मंडळी आली. घरोघर फिरून सांधेदुखीची विचारपूस करत होती. त्यांतली एक डॉक्टरीण, माझ्या लेकीच्या वयाची, दुपारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर टेकली. मी चहा दिला. ती म्हणाली, "काकू, आमवात तुमच्या दुकानदारांच्या गल्लीतच जास्त दिसतोय. वस्तीत जवळजवळ नाहीच. अंगमेहनतीचा फायदा असेल का हो?"

मला रागच आला. आमच्या गल्लीतली बाई दोनदा शिंकली तरी वर्ध्याची गाडी धरते. वस्तीतल्या बाईनं वेचणीच्या दिवसांत दुखतं म्हणून घरी बसलेलं मी पाहिलं नाही. रोग कुठे जास्त ते देव जाणे, पण बोंब कुठे जास्त हे मला पक्कं ठाऊक.

म्हटलं, "मॅडम, तुमी तोंडाले इचारून राह्यल्या. हाताले इचारा ना."

ती हसली. मग मी तिला एकीबद्दल सांगितलं. वस्तीतली कापूस वेचणारी, दर संक्रांतीला माझ्याकडे यायची. बांगडीचं माप सव्वादोन. आदल्या संक्रांतीला ते अडीच झालं. मी शहाणी, तिला म्हटलं, "जाडी झाली माय तू," आणि मोठ्या बांगड्या भरून मोकळी झाले. या खेपेच्या संक्रांतीला पंजा दाबला तर दोन्ही हातांच्या गाठी गरम, फुगलेल्या, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. तरी म्हणाली, "भर तू." मी थंडीला बोल लावला आणि भरल्या. हे सांगताना मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरणीनं कप खाली ठेवला. माझा हात घेऊन तिनं बोटांच्या मुळाशी आडवा दाबला, अगदी मी दाबते तसा. "हा आजार ओळखायला आम्हाला असंच दाबायला शिकवतात," ती म्हणाली. सासूनं मला ओट्यावर बसवून, चार चापट्या मारून शिकवलेली पकड ही पोरगी कॉलेजात शिकली होती! मी अशी फुगले की सून आतून बघायला आली. पण डॉक्टरीण पुढे म्हणाली, "त्यांना लवकर आणा. एकदा बोटं वाकली की सरळ होत नाहीत."

तेव्हा माझी हवा गेली. तिचं सगळं घर त्या बोटांवर चालत होतं.

संध्याकाळी बाया वावरातून परतल्यावर मी वस्तीत गेले. ती चुलीपाशी होती.

"त्या पोरीनं इचारलं तवा काऊन नाई म्हटलं?"

"दुखते का म्हणे. दुखत तं साऱ्यायचंच राह्यते मावशी, त्यात सांगाचं काय?"

"उद्या माह्यासंग वर्ध्याले चाल."

"उद्या वेचणी हाय."

मी तिचा पंजा धरून दाबला. ती कळवळली. "हे बोटं वाकले तं मंग कोण वेचन?" मी जरा ओरडूनच विचारलं.

तिनं हात सोडवून पदराखाली घेतला. मग हळूच म्हणाली, "सकाळी पातळाच्या निऱ्या खोसता येत नाई. पोरगी खोसून देते. कोणाले सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी दुकान सुनेवर टाकून मी तिला एसटीनं घेऊन गेले. रक्त तपासलं, आमवातच निघाला. गोळ्या सुरू झाल्या. बोटं अजून सरळ होती, आणि डॉक्टरीण म्हणाली की औषध सोडलं नाही तर तशीच राहतील.

महिन्याभरानं डॉक्टरीण पुन्हा वस्तीत आली. या वेळी मला शेजारी बसवून. बाया जमल्या, पण सगळ्यांचं एकच, "आमाले काई नाई." हात पदराखाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती उठली. कोणाला सांगू नको म्हणणारी तीच. सगळ्यांसमोर तिनं दोन्ही हात पुढे केले.

"मी बी काई नाई म्हटलं होतं. खोटं बोलली मी. हे पाहा माहे हात, आन काढा तुमचे."

तीस वर्षं गावभराचे हात धरलेत मी. त्या दिवशी तिचा धरला, तितक्या अभिमानानं कोणाचा धरला नव्हता.