हॉर्नला हात करणारा

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. साठी ओलांडलेला गोरा माणूस. मला हॉर्नचा भयंकर राग येतो. हा मात्र समोरून एखादा ट्रक हॉर्न देत गेला की हसायचा आणि खिडकीतून हात वर करायचा.

"काहून हासून राह्यले हे?" कंडक्टरने मला विचारलं. मी इंग्रजीत त्यालाच विचारलं.

तो पोलंडचा. सुवाल्की नावाचा त्याचा प्रांत सरकारने मोडला आणि शेजारच्या दोन प्रांतांत वाटून टाकला. पूर्वी गाडीच्या नंबरप्लेटवर प्रांताची अक्षरं असायची. गाडी विकेपर्यंत जुनी प्लेट चालते, म्हणून त्याने गाडी विकलीच नाही. परगावच्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीवर तीच अक्षरं दिसली की दोन्ही गाड्या एकमेकींना हॉर्न द्यायच्या.

"आता कोणी देत नाही," तो म्हणाला.

कंडक्टरला मी हे सांगितलं. "त्याइले म्हना, आमचं वऱ्हाडबी सरकारी नकाशात नाई. पन आमी हावो ना!"

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर त्या पोलिश माणसाने खचाखच भरलेल्या बसकडे नीट पाहिलं. "तुम्ही पुष्कळ आहात," तो म्हणाला.

अकोल्यात स्टँडच्या अलीकडे तो उतरला. "त्याइच्यासाठी एक वाजवा ना, भाऊ," कंडक्टरने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला.

तो थांबला. वळून इकडेतिकडे पाहू लागला. चौकात सगळेच हॉर्न वाजवत होते. त्यातला आपला कोणता, हे त्याला कळलं नाही.